डेट्रॉइट नदी, वॉलआय आणि शंभर डॉलरचा रॉड

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मिशिगनमधल्या कँटनला येऊन वर्ष झालं. शेजारी एप्रिलमध्ये त्याच्या बोटीतून डेट्रॉइट नदीवर वॉलआय नावाचा मासा धरायला नेणार आहे. रॉडसाठी, म्हणजे गरवायच्या काठीसाठी, शंभर डॉलर बाजूला काढलेत, लाइन गुंडाळायच्या रीलचे पैसे वेगळे. दुकानातला माणूस सात फुटी मीडियम-हेवी गळ्यात मारतोय. इंटरनेटवर पाहावं तर निम्मे लोक म्हणतात दोनशेच्या खालचं काही घेऊच नका, उरलेले म्हणतात कुठलीही काठी चालते. शिवाय तोच रॉड ओहायोत मॉमी नदीवरही चालला तर तुम्हाला हवा आहे.

घाईत असाल तर उत्तर एवढंच: सव्वासहा ते साडेसहा फुटी, मीडियम पॉवरचा, फास्ट ॲक्शनचा स्पिनिंग रॉड (रील खाली लटकतं तो) घ्या. पॉवर म्हणजे रॉडचा ताठपणा, ॲक्शनचं पुढे सांगतो. शंभराच्या आत बरा मिळतो. मीडियम-हेवी दुकानातच राहू द्या. घाईत नसाल तर पुढे वाचा, कारण ‘मीडियम’ हा शब्द प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीने वापरते. एकाचा मीडियम दुसऱ्याच्या मीडियम-लाइटपेक्षाही मऊ निघतो. तेव्हा लेबलावर विसंबून भागत नाही, हातात धरून ठरवावं लागतं.

मी गाईड नव्हे. पोटापाण्याचं काम गाड्यांमधल्या कंपनांचं, पण या नदीवर एकोणीस एप्रिल काढलेत. त्याआधी चिपळूणला वाशिष्ठीच्या काठी चिव्याच्या काठीला तंगूस बांधून गरवण्यात बरीच शाळा बुडवली आहे. इथे आलो तेव्हा वाटलं, आपल्याला काय शिकायचंय? पहिला अख्खा हंगाम रिकाम्या हाताने परतलो. ते का झालं हे सांगितलं की तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर होईल.

तेव्हा मीही एका मोठ्या दुकानातून सात फुटी मीडियम-हेवी घेतला होता. ‘मोठी नदी, मोठा मासा’ असं विक्रेत्याने सांगितलं आणि मला ते पटलंही. बोटीतले बाकीचे दोघे एकेक मासा वर काढत होते आणि मी तिथेच, त्याच खोलीवर, तोच जिग, म्हणजे गळ बसवलेला शिशाचा गोळा, घेऊन बसलेलो. मासाच लागत नाही म्हणून जिग वर घेतला, तर त्यावरच्या प्लॅस्टिकच्या किड्याची शेपटी कुरतडलेली. नवी लावली, पाच मिनिटांनी तीही गायब. म्हणजे मासे येत होते, तोंडात धरून चावून जात होते आणि मला पत्ता लागत नव्हता. कुरतडलेल्या शेपट्या मी त्या दिवशी मोजल्या, सात निघाल्या. रॉड इतका ताठ होता की शेंड्याला काही कळत नव्हतं, आणि जे थोडं कळत होतं ते हातापर्यंत पोचत नव्हतं.

तर मुद्दा मोठा मासा ओढण्याचा नाही. वॉलआय काही जिताड्यासारखा धावत सुटत नाही. दोन-अडीच किलोचा मासा मध्यम रॉडवर आरामात वर येतो, चार किलोची मादीसुद्धा येते, थोडा वेळ घेते इतकंच. खरी अडचण तिथपर्यंत पोचण्याची आहे: वाहत्या पाण्यात वीस-पंचवीस फुटांखाली एक शिशाचा गोळा तळाला टेकतोय की नाही, आणि टेकत नसेल तर तो माशाने धरलाय का, हे हाताला कळायला हवं. म्हणून मी कुणालाही आधी रॉडचं नाव सांगत नाही. आधी विचारतो, नदी कुठली, शिसं किती?

डेट्रॉइट नदी ही सेंट क्लेअर सरोवराचं पाणी ईरी सरोवरात नेणारा साधारण ४५ किलोमीटरचा रुंद पाट आहे. आपल्याकडच्या नद्यांसारखी ती पावसाने फुगत नाही की मे महिन्यात आटत नाही. बर्फ सरला की ईरीतले वॉलआय अंडी घालायला तिच्यात वर चढतात. पाणी ४२-४५ अंश फॅरनहाइटला, म्हणजे आपल्या सहा-सात सेल्सिअसला आलं की गर्दी सुरू होते आणि मेच्या मध्यापर्यंत टिकते. त्या दिवसांत ट्रेंटन, वायनडॉट, ग्रोस ईलच्या बाजूला बोटींची अशी दाटी होते की जत्रेची आठवण यावी. वॉलआय तळाला चिकटून असतो. त्याच्या डोळ्यात मांजरासारखा उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे गढूळ, अंधाऱ्या पाण्यातही त्याला दिसतं. तिथे आमिष थेट त्याच्या नाकापुढे न्यावं लागतं.

त्याची पद्धत अशी, तिला उभं जिगिंग म्हणतात. बोट प्रवाहाबरोबर वाहू द्यायची आणि पुढच्या इलेक्ट्रिक मोटरने तिला प्रवाहाच्याच वेगाने ठेवायचं. मग लाइन बोटीखाली सरळ उभी राहते, विहिरीत सोडलेल्या दोरासारखी. जिग तळाला टेकवायचा, अर्धा-एक फूट उचलायचा, पुन्हा टेकवायचा. शिसं नेमकं तेवढंच हवं, जेवढ्याने लाइन उभी राहील. हलकं पडलं तर लाइन तिरकी होऊन जिग तळ सोडतो, जड झालं तर माशाला संशय येतो आणि तुमच्या हाताला फक्त शिसंच जाणवत राहतं.

या नदीत बहुतेक दिवस अर्धा ते पाऊण औंस लागतं. आमच्या बोटीत याची आमची स्वतःची भाषा आहे. पाव, अर्धा, पाऊण हे तर मराठीत आहेतच, पण तीन-अष्टमांशाला आम्ही दीडपाव म्हणतो आणि पाच-अष्टमांशाला अडीचपाव. अमेरिकन मित्र चक्रावतात, पण हिशेब चोख बसतो. वारा पडलेला असेल, पाणी संथ असेल तर दीडपाव चालतो. उत्तरेचा वारा बोट पुढे ढकलायला लागला किंवा तीस फुटांवर गेलो की अडीचपाव, पाऊण. ग्रॅममध्ये सांगायचं तर दहा ते एकवीस.

आता रॉडकडे येऊ. बुंध्याजवळ बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: लांबी, पॉवर, ॲक्शन, लाइनचं वजन आणि शेवटी आमिषाचं वजन. लोक पहिले तीन आकडे वाचतात आणि मी शेवटचा. मीडियम-लाइटवर बहुधा आठवा हिस्सा ते अर्धा औंस लिहिलेलं असतं, मीडियमवर पाव ते अडीचपावच्या आसपास आणि मीडियम-हेवीवर एक औंसापर्यंत किंवा वर. तुमची नदी अर्धा ते पाऊणची. वरवर पाहता मीडियमसुद्धा थोडा अपुरा वाटेल आणि दुकानदाराचा मीडियम-हेवी बरोबर वाटेल. पण तो आकडा जिग लांब फेकण्यासाठी असतो. फेकताना रॉडला झटका बसतो. तुम्ही फेकणार नाही, सरळ खाली सोडणार. तिथे अडीचपाव लिहिलेल्या रॉडवर पाऊण औंस खुशाल लावावा, काही बिघडत नाही. मी वर्षानुवर्षं लावतोय.

मीडियम-लाइट का नको? काही लोकांना तो आवडतो आणि त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. विस्कॉन्सिनमध्ये फॉक्स नदीवर किंवा एखाद्या लहान नदीत, पाव औंसाच्या जिगवर, तो मीडियमपेक्षा सरस आहे. पण पाऊण औंस लावला की मीडियम-लाइटचा शेंडा त्या वजनानेच वाकून राहतो. आधीच वाकलेल्या शेंड्याला माशाची टिचकी दाखवायला जागा उरत नाही. वजनकाट्यावर आधीच पोतं ठेवलं असेल तर वर ठेवलेली मूठभर मिरची त्याला काय कळणार?

ॲक्शन म्हणजे रॉड कुठून वाकतो. फास्ट म्हटला की साधारण वरचा तिसरा हिस्सा वाकतो, खालचा ताठ राहतो. एक्स्ट्रा-फास्टमध्ये फक्त शेंडाच लवतो. एक्स्ट्रा-फास्टला कळतं जास्त, पण माफी कमी. ब्रेडेड, म्हणजे विणलेली लाइन वापरणार असाल, आणि वापराच, तर ती मुळीच ताणत नाही. तिच्याबरोबर शेंडाही फार ताठ असेल तर मासा बोटीजवळ येऊन मान झटकतो, गळ सुटतो आणि जाळं रिकामं वर येतं. नवख्याने फास्ट घ्यावा. दोन हंगामांनी हात बसला की एक्स्ट्रा-फास्टचा विचार करा.

लांबीबद्दल एक गैरसमज काढून टाकतो. लोक सांगतात की आखूड रॉडने जिगवर ताबा राहतो, लांबने राहत नाही. मी एकदा बसून हिशेब केला. मनगट दहा अंश वळवलं तर सव्वासहा फुटी रॉडचा शेंडा सुमारे अकरा इंच हलतो, सात फुटीचा साडेबारा. दीड इंचाने काय फरक पडतो? काहीही नाही. आखूड रॉड घ्यायचा तो दुसऱ्याच कारणांसाठी. एक म्हणजे शेंड्याकडचं वजन कमी होतं. दर चार सेकंदांनी एकदा जिग उचलला तरी तासाला नऊशे वेळा मनगट हलतं. सकाळी सातला सुरू केलेला माणूस अकरापर्यंत टिकायला हवा. दुसरं, वारा लांब रॉडला जास्त झुलवतो. आणि तिसरं, एकट्याने मासा जाळ्यात घ्यायचा असेल तर सात फुटी रॉड उलटा मागे झुकवावा लागतो. त्यात दोन वेळा माझी टोपी नदीत गेली आहे.

आता पैशांचं. शंभर डॉलर कमी नाहीत, फक्त ते कशावर खर्च होतात ते पाहायला हवं. रॉडमध्ये मासा कळवणारी वस्तू एकच, ती नळी, म्हणजे ब्लँक. बाकी लाइन ओवायच्या कड्या, मूठ, रंग, चकाकी हे सगळं वर चढवलेलं. ग्रॅफाइटची नळी हलकी आणि ताठ असते, म्हणून टिचकी तिच्यातून लवकर आणि स्पष्ट येते. फायबरग्लास जड आणि लवचिक, तो टिचकी गिळतो. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर तो कंपन शोषतो. गाडीच्या केबिनमध्ये आम्हाला हेच हवं असतं, रॉडमध्ये नको असतं.

यामुळे शेक्सपिअरचा अग्ली स्टिक मी तुम्हाला सुचवणार नाही. पन्नाशीच्या आसपास मिळणारा जीएक्स२ हा रॉड मजबूत आहे यात वाद नाही. माझ्या मुलाने त्याच्यावर पाय ठेवून उडी मारली तरी तो तुटला नाही. पण त्यात ग्रॅफाइटबरोबर फायबरग्लास आहे आणि शेंडा तर भरीव फायबरग्लासचा. मुलांसाठी, बोटीच्या खाचेत लावून ट्रोलिंगसाठी, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढायला, उत्तम. उभ्या जिगिंगसाठी बोथट.

बर्कलीचा लाइटनिंग रॉड त्याच किमतीत मिळतो, ग्रॅफाइटचा असतो आणि या कामाला अग्ली स्टिकपेक्षा कितीतरी बरा. खिसा खरंच हलका असेल तर तो घ्या, लाज वाटण्याचं कारण नाही. ऐंशी ते शंभरच्या पट्ट्यात फेनविकचा ईगल माझ्या पसंतीचा आहे. मूठ बरी, नळी हलकी, वॉलआयला साजेशा लांब्या मिळतात. सेंट क्रॉईचा ट्रायम्फ सहसा शंभरीच्या वर जातो, पण हंगाम संपताना किंवा थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात दुकानं उतरती किंमत लावतात तेव्हा आवाक्यात येतो. सेंट क्रॉई ही विस्कॉन्सिनातल्या पार्क फॉल्सची जुनी कंपनी. तिचे महाग रॉड तिथे बनतात आणि ट्रायम्फसारखे स्वस्तातले मेक्सिकोतल्या कारखान्यात. त्यामुळे कुणी नाक मुरडलं तर दुर्लक्ष करा, माझा मेक्सिकोचा रॉड नऊ वर्षं चालतोय. किमती दर हंगामात वरखाली होतात, तेव्हा मी लिहिलेले आकडे अंदाजापुरते धरा.

‘आयएम६’, ‘आयएम७’, ‘तीस टन ग्रॅफाइट’ असे शिक्के पाहून भुलू नका. आयएम६ हे मुळात एका कंपनीच्या धाग्याचं व्यापारी नाव. दर्जाचा तो काही सरकारी शिक्का नव्हे, आणि एका कंपनीचा आयएम७ दुसरीच्या आयएम६ पेक्षा चांगला असेलच असं नाही. आकडा जितका मोठा तितकी नळी ताठ आणि तितकीच ठिसूळ, हे मात्र बऱ्याचदा खरं असतं. स्वस्तातला फार ताठ रॉड बोटीच्या कडेवर एकदा आपटला की पुढच्या माशावर तडकतो.

दोनशेच्या खाली घेऊच नका म्हणणाऱ्यांबद्दल. माझ्याकडे तसा एक रॉड आहे, अडीचशेचा, चाळिसाव्या वाढदिवसाला बायकोने दिलेला. तो शंभरच्या रॉडपेक्षा चांगला आहे का? आहे. किती? थंडीने बोटं बधिर झालेली असताना, अगदी हलक्या चाव्याला, दहातला एखादा मासा जास्त कळतो. पन्नास आणि शंभरमध्ये जेवढं अंतर आहे तेवढं शंभर आणि अडीचशेमध्ये मला कधी जाणवलं नाही. नवख्या हाताला तर ते कळणारही नाही, कारण कळायचं काय असतं हेच अजून ठाऊक नसतं.

ते काय असतं तेही सांगतो. ‘टक्’ असा ठोका बसेल या आशेवर राहू नका. कधी बसतो, दाराची कडी वाजल्यासारखा. पण थंड पाण्यात बहुतेक वेळा काहीच होत नाही. जिग उचलायला जाता आणि तो नेहमीपेक्षा जड लागतो, ओला रुमाल अडकल्यासारखा. किंवा खाली जाताना तळाला टेकायच्या आधीच लाइन सैल पडते, म्हणजे मध्ये कुणीतरी झेललंय. दोन्ही वेळा मनगटाने हिसका द्या, खांद्याने नव्हे. आणि जिग खाली सोडताना शेंडा त्याच्या मागोमाग खाली न्या. एकदम ढील दिली तर चावा दिसणारच नाही, कारण तो येतो बहुधा खाली जातानाच.

म्हणून दुकानात रॉड कसा पारखायचा हे महत्त्वाचं. माझ्या जॅकेटच्या खिशात सुपारीची जुनी डबी असते, तिच्यात गळ छाटून टाकलेला पाऊण औंसाचा एक जिग आणि हातभर लाइन. दुकानात गेलो की आपलं रील बरोबर नेतो, रॉडला लावतो, लाइन शेवटच्या कडीतून ओवून जिग लोंबकळत ठेवतो. शेंडा किंचित झुकला, बोटभर, तर ठीक. गळपटून खाली आला तर मऊ. ढिम्म राहिला तर ताठ. मग जिग काउंटरवर टेकवायचा, उचलायचा, डोळे मिटून पुन्हा टेकवायचा. टेकल्याचं बोटाला कळायला हवं. दुकानातली माणसं आधी बघत राहतात, मग विचारतात. एकाने तर नंतर स्वतःसाठी तशीच डबी केली. डबी नसेल तर किल्ल्यांचा जुडगा लावा, वजन नेमकं नसेल पण दोन रॉडमधला फरक तरी कळेल.

रील लावलेला रॉड बोटावर तोलून पाहा. रीलच्या दांड्याच्या आसपास तोल बसला तर मनगट सुखी. शेंड्याकडे झुकत असेल तर चार तासांनी दुखणार. मूठ धरताना रीलचा दांडा मधल्या बोटांमध्ये घ्या आणि तर्जनी पुढे नळीवर टेकते का पाहा. बऱ्याच रॉडमध्ये रीलच्या खाचेतून नळी उघडी ठेवलेली असते, तिथे बोट टेकलं की सगळं कळतं. बुंधा फार लांब नको. एप्रिलच्या सकाळी अंगात दोन स्वेटर आणि वर जाड जॅकेट असणार, लांब बुंधा बाहीत अडकतो आणि नेमका चाव्याच्या क्षणी अडकतो.

कड्या एका रेषेत आहेत का ते नळीवरून दुर्बिणीसारखं पाहिल्यागत पाहा. कानातली कापसाची काडी प्रत्येक कडीतून फिरवा. धागा अडकला तर आत चीर आहे आणि ती चीर तुमची लाइन कापणार. अगदी बारीक कड्यांचे रॉड हल्ली फॅशनमध्ये आहेत, पण मार्चअखेरीस त्यांच्यात बर्फ धरतो आणि लीडरची, म्हणजे लाइनच्या टोकाला बांधलेल्या वेगळ्या तुकड्याची, गाठही अडकते. साध्या कड्याच बऱ्या.

लाइनचा खर्च मात्र टाळू नका. दहा पौंडी, म्हणजे दहा पौंड ताण सोसणारी, ब्रेडेड लाइन तेवढ्याच ताकदीच्या साध्या तंगुसाच्या निम्म्या जाडीची असते. पाणी तिला कमी ढकलतं, त्यामुळे तीच खोली आणि तोच प्रवाह अडीचपावऐवजी अर्ध्यावर निभावतो. म्हणजे पंधरा-वीस डॉलरच्या लाइनने तुमचा शंभरचा रॉड अधिक संवेदनशील केला. रंग पिवळा किंवा हिरवा घ्या, लाइन थबकली की डोळ्यांना दिसेल. पुढे दोन-तीन फूट दहा पौंडी फ्लुरोकार्बनचा लीडर बांधा, कारण तळाशी झेब्रा शिंपल्या आहेत आणि त्यांची धार ब्लेडसारखी. रील २५०० आकाराचं, साधं, ड्रॅग (मासा ओढू लागला की लाइन सोडणारा ब्रेक) सुरळीत सुटणारं. फ्लूगरचं प्रेसिडेंट मी डोळे मिटून सांगतो. तिथे जास्त पैसे घालून रॉडचे कमी करू नका, उभ्या जिगिंगमध्ये रीलला काम असतं ते फक्त लाइन साठवायचं आणि शेवटी मासा वर घ्यायचं.

इथवरचं पाठ करायचं असेल तर: शिसं अर्धा ते पाऊण, म्हणून मीडियम, ब्रेडेड लाइन ताणत नाही, म्हणून फास्ट, मनगट आणि जाळं, म्हणून सव्वासहा ते साडेसहा, पैसे नळीवर आणि लाइनवर.

उरला मॉमीचा प्रश्न, आणि इथे मला सरळ ‘हो’ म्हणता येत नाही. मॉमीवर मार्च-एप्रिलमध्ये बहुतेक लोक बोटीत नसतात, छातीपर्यंतची रबरी विजार घालून पेरीसबर्गच्या आसपास, ब्लूग्रास बेटापाशी किंवा फोर्ट मेग्जखाली पाण्यात उभे असतात. खांद्याला खांदा लावून. तिथे वजन प्रवाहाच्या आडवं फेकायचं आणि तळावरून घरंगळत येऊ द्यायचं. हे सगळं फेकण्याचं काम, लांब लाइन पाण्यावरून उचलून धरण्याचं काम. त्याला सात ते साडेसात फूट हवेत. दोन्हीकडे एकच रॉड न्यायचा असेल तर साडेसहा किंवा पावणेसात फुटी, मीडियम पॉवरचा, फास्ट ॲक्शनचा घ्या. डेट्रॉइटवर फार तर थोडा लांब, मॉमीवर थोडा आखूड, दोन्हीकडे निभावेल. पण मॉमीला वर्षातून एकदाच जाणार असाल तर त्यासाठी डेट्रॉइटचा रॉड बिघडवू नका. तिथे त्या दिवसापुरता कुणाचा तरी मागून घ्या. गळाच्या आकारापासून वेळेपर्यंत मॉमीचे हंगामी नियम कडक आहेत, जाण्याआधी ओहायोच्या मत्स्य विभागाचं पान वाचा.

दोन तुकड्यांचा रॉड चालेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण लहान गाडी असेल तर विचाराल. चालेल. जोडाने टिचकी हरवते असं म्हणतात, मला डोळे मिटून फरक ओळखता आलेला नाही. एक तुकडा गाडीत तिरका ठेवून डिकीचं झाकण लावताना मी एका रॉडचा शेंडा मोडला आहे. तो आवाज अजून कानात आहे. तोही नवा होता.

परवान्याचं विसरू नका. मिशिगनमध्ये सतरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला लागतो, नुसतं ‘शेजाऱ्याच्या बोटीत बसलो होतो’ हे चालत नाही. नदीच्या मधून कॅनडाची सरहद्द जाते आणि वाहत्या बोटीला ती दिसत नाही. पलीकडे गळ टाकायचा तर ओंटारिओचा परवाना वेगळा. किती मासे, किती इंचांचे, हे त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत पाहा. आणि खायला नेणार असाल, तर आपण नेणारच, मिशिगनच्या आरोग्य खात्याची मासे खाण्याबद्दलची पुस्तिका बघून ठेवा. मोठ्या माद्या सोडून द्याव्यात, अंडी त्यांच्याच पोटात असतात आणि चवीलाही पंधरा-अठरा इंची नरच बरे. काटे कमी, मांस पांढरं. रवा लावून तळला की पापलेटची आठवण निम्मी तरी शमते.

शेवटी एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत आणि ती मला कळायला हवी. शेजाऱ्याच्या बोटीला पुढे इलेक्ट्रिक मोटर आहे का? असेल तर वरचं सगळं लागू. नसेल आणि तो नुसताच वाहत जाणारा किंवा नांगर टाकून बसणारा असेल, तर तुमची लाइन कधीच उभी राहणार नाही. तिरक्या लाइनवर शिसं एक औंसापर्यंत जाईल आणि मग दुकानदाराच्या सात फुटी रॉडबद्दल मी जे बोललो त्यातलं थोडं मागे घ्यावं लागेल. रॉड घेण्याआधी त्याला विचारा आणि मला सांगा.